कपाशी आणि दोन शब्द

तेलगावातल्या खताच्या दुकानदाराला शेतकरी मोबाइलवर आजारी पानांचे फोटो पाठवतात, सोबत चार ओळींची विनवणी. या दुकानदार महाराजांचं उत्तर येतं, ‘पाणी तोडा.’ संपलं. मी म्हणतो, "अहो, नमस्कार तरी लिहा." तो म्हणतो, "कीड वाचती का नमस्कार?"

परवा मी दुकानात बसलो असताना त्याला एका बाईचा रडत फोन आला. तणनाशकाचा पंप न धुताच तिनं कपाशी फवारली होती. पानं आकसली होती, सगळं पीक जाणार म्हणत होती. आता हा तिला शब्दांनी सोलणार, म्हणून मी खुर्ची पुढं ओढली.

"रडू नका, मावशी. माझ्याबी हातून असंच झालतं, तरी कापूस आला. आज नुसतं पाणी फवारा. सकाळी मी येतो बघायला."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तुमची कपाशी कुठल्या रानात होती?"

"मला कुठलं आलंय रान," तो म्हणाला.