विजेच्या दुकानातल्या पट्ट्या

गणपती बसायच्या आदल्या शनिवारी, जळगावात, दोनशे चाळीस रुपयांना मी प्लास्टिकच्या शंभर पट्ट्या घेतल्या. हजर तिघे: मी, विजेच्या सामानाचा दुकानदार आणि आमच्या पोलीस ठाण्यातला, धुळ्याकडचा एक शिपाई. तो म्हणाला, "भाऊ, या वायरी बांधान्या पट्ट्या शेतस. माणसं बांधान्या नही."

मी हिशेब सांगितला. हात बांधायची खरी पट्टी रुंद, दोन कड्यांची, एकदाच वापरायची. एकीला चाळीस रुपये. ठाण्याला वर्षाकाठी मोजक्याच मिळत. ही पडत होती दोन रुपये चाळीस पैशांना. खऱ्या पट्टीबरोबर ती कापायची आकडीही ठेवायची असते, तिचे एकशेऐंशी. तेही मी वाचवले. दहा पट्ट्या अर्धवट ओवून, फास तयार ठेवून, कमरेच्या पट्ट्यात खोचल्या.

विसर्जनाच्या दिवशी मिरवणुकीत दोन मंडळांची पोरं भिडली. मी हाताला लागला तो माणूस धरला, हात मागे घेऊन पट्टी ओढली. ही पट्टी ओढली की सैल होत नाही. त्याला गाडीजवळ बसवलं. दोनदा तो म्हणाला की उजवा हात बधिर होतोय. असं सगळेच म्हणतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. चाळीस मिनिटांनी कळलं की तो शिंपी आहे आणि भांडण सोडवायला मध्ये पडला होता. सोडायचं ठरलं तर कापायला काही नाही. शेवटी नारळवाल्याकडून सुरी आणली. मनगटावर निळी रेघ उमटली होती. मी सॉरी म्हणालो. तो मनगट चोळत निघून गेला.

तीन आठवड्यांनी त्याच्या दुकानावरून जात होतो. मशीनवर त्याची बायको बसली होती आणि तो बाजूला काजं मोजत होता. मी आत गेलो, हात कसा आहे विचारलं.

"अंगठ्याला सुई टोचली तर कळत नाही, साहेब. कापडावर रक्त दिसलं की कळतं." मग बायकोकडे बघून म्हणाला, "शिंप्याला बरंच आहे की. दुखायचं वाचलं."

ती हसली नाही. लग्नाचे दोन सूट त्याने परत पाठवले होते.

भरपाई देऊ केली, ती त्याने घेतली नाही. शिरेच्या तपासणीला मात्र हो म्हणाला. धुळ्याला आम्ही एकाच बसने गेलो. शीर दबली आहे, सहा महिने वाट पाहा, संवेदना येईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तपासणीचे अठराशे रुपये मी त्या डॉक्टरांना दिले. बसचं तिकीट जाता-येता त्याने स्वतःचं स्वतः काढलं, डाव्या हाताने सुटे मोजून कंडक्टरला दिले.