नऊशे वीस ग्रॅम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि माझ्या तोंडात तर एरवी तीळ भिजत नाही. तुम्हालाच का सांगतेय? काय माहीत. पण आता ऐका.

इथे परदेशात, टिलबर्ग शहराच्या बाहेर एका गावात आम्ही राहतो. शेजारी हेंक राहायचे. सत्तरी ओलांडलेले, एकटेच. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, म्हणून तोंडावर हेंक. मनात मात्र मी त्यांना काकाच म्हणायचे. आणि एकटे तरी कसे म्हणू? लोटे होती ना! लोटे म्हणजे त्यांनी पाळलेली शिकारी पक्ष्याची मादी – हॅरिस हॉक, तपकिरी, बाकदार चोचीची. हिवाळ्यात ते तिला हातमोज्यावर बसवून शेतात न्यायचे. ती सशावर झेप घ्यायची, आणि शिटी वाजली की परत त्यांच्या हातावर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला धडकीच भरली होती. मग लळा लागला.

कोरोनाच्या दुसऱ्या हिवाळ्यात हेंक आजारी पडले. दोन आठवडे वरच्या खोलीत बंद. लोटेचं कोण करणार? मी म्हटलं, मी करते. मी – अंडंसुद्धा न खाणारी बाई! कोंबडीची मेलेली पिल्लं चिमट्यात धरून तिला भरवायचे. हसा, खुशाल हसा.

नियम एकच होता. रोज सकाळी तिला काट्यावर बसवायचं, वजन हेंकना फोनवर सांगायचं आणि ते सांगतील तेवढंच खायला द्यायचं. शिकारीसाठी ठरलेलं वजन नऊशे वीस ग्रॅम. त्याहून जड झाली तर मोकळी सोडायची नाही. कारण हा पक्षी प्रेमापोटी परत येत नाही, भुकेपोटी येतो. हे त्यांनी मला दोनदा समजावलं होतं. पोट भरलेलं असेल तर कशाला येईल तो?

सगळं कळलं होतं हो मला. पण त्या दिवशी माझी संकष्टी होती, पोटात कावळे ओरडत होते, आणि ही बया आपला वाटा संपवून माझ्याकडे टक लावून बसलेली. आमच्या दारातून कधी कुत्रंसुद्धा उपाशी गेलेलं नाही. दिलं एक पिल्लू जास्त. दुसऱ्या दिवशीही दिलं. मग रोजच. आणि फोनवर? फोनवर नऊशे वीसच सांगत राहिले. काटा हजाराच्या वर गेला होता.

आता म्हणाल, एवढंच? नाही. एवढंच असतं तर बरं झालं असतं.

हेंक बरे झाले आणि लगेच म्हणाले, आज शेतात जाऊ. जिना उतरतानाच त्यांना धाप लागली होती. वजन केलंस का, विचारलं. केलं, म्हटलं. नऊशे वीस. तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. पण मला वाटलं – लाज वाटते हे सांगायला – लोटे माझ्या हातचं खाते, तिचा माझ्यावर जीव आहे, ती येईल.

बांधावर त्यांनी हात जरा वर-खाली केला. "आज जड लागतेय गं," म्हणाले.

आणि मी म्हणाले, "आजारातून उठलाय तुम्ही. हातात ताकद नाही तुमच्या."

हे. हेच सांगायचं होतं मला.

ते हसले, तसंच असेल म्हणाले, आणि तिला सोडलं. ती समोरच्या उंच झाडावर बसली. अंधार पडेपर्यंत हेंक मुठीत मांस धरून शिट्या वाजवत होते. तिने एकदा पंख झटकले आणि ती जंगलाकडे गेली. माग लागावा म्हणून पायाला बांधलेल्या ट्रान्समीटरचा सिग्नल दुसऱ्या दिवशी बंद पडला. आठवडाभर ते खोकत खोकत रानात फिरले. मीही सोबत फिरले, थर्मासमधून चहा घेऊन. लोटे सापडली नाही.

हेंकनी पुन्हा पक्षी पाळला नाही. चाळीस वर्षं नुसत्या हातावर वजन ओळखणारा माणूस तो – म्हणाले, आता या हाताचा भरवसा नाही. त्यांच्या मुलीने गाडीची किल्ली मागितली, मुकाट्याने देऊन टाकली. मग घरही सोडलं.

आता ते वृद्धाश्रमात असतात. दर रविवारी मी शिरा घेऊन जाते. परक्या माणसाचं किती करते म्हणून लोक माझं कौतुक करतात, आणि मी ते ऐकून घेते.

गेल्या रविवारी त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला आणि विचारलं, त्या दिवशी मला ती जड लागली होती, तुला आठवतं?

मी म्हटलं, "वय झालं की होतं असं, हेंक."

त्यांनी मान हलवली आणि हात पांघरुणाखाली घेतला.