आधी बोलणारा

धाकटा भाऊ नाताळची चांदणी लावायला चढला होता, शिडी डुगडुगत होती. माझ्या अंगणात हातभर सरकवून त्याने भिंत घातली, तेव्हापासून आमचा अबोला. बैलबाजारात मी एकच शिकलो, आधी तोंड उघडणारा सौदा हरतो. त्यामुळे मी गप्पच.

तोच ओरडला, "दादा, रुसवा नंतर कर, आधी शिडी धर! पडलो तर खांदा तुलाच द्यायचाय."

भिंतीला वळसा घालून धावलो, शिडी धरली. देवानेही कुठे आपण आधी बोलायची वाट पाहिली? आपण पाठ फिरवून बसलेलो असतानाच तो बाळ होऊन गोठ्यात आला. दरवर्षी नाताळच्या प्रवचनात हे ऐकून मी देवळात मान डोलावतो.

"दादा, सरळ लागली का?"

"लागली," म्हणालो. मान वर करवली नाही.