काजळ्यांचं देवक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना तर नाहीच. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ती सायली — ती अजून दिवाळीला मला फराळाचा डबा पाठवते. त्यातल्या करंज्या मी खाते. हो, खाते. घास घशात अडकतो वगैरे काही होत नाही. तुम्हाला तसं वाटलं असेल तर आधीच सांगून ठेवते.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. गावचं गायरान बंगल्यांच्या प्लॉटसाठी विकलं जायला लागलं तेव्हा बाबांनी पहिलं पत्रक काढलं, आणि मग ते थांबलेच नाहीत. प्रुफं मी तपासायची. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानांपुढे उभी राहून वाटायचीही मीच. लोक घ्यायचे, त्यात चिक्कीचा चुरा गुंडाळायचे. कॉलेजात असताना मी स्वतः एक लिहिलं होतं — लग्नात कुळ आणि देवक बघणाऱ्यांवर. एका झाडाची डहाळी दोन माणसांचं आयुष्य ठरवणार का, असा सवाल होता त्यात. फार आवेशाने लिहिलेलं. ते लक्षात ठेवा.

मग अशी मुलगी आडनावं आणि पूर्वज शोधणाऱ्यांत कशी गेली? कारण मला खोटे पूर्वज खोडायला आवडायचे. तुंगार्लीत एका निवृत्त इंजिनिअरच्या बंगल्याच्या व्हरांड्यात रविवारी आम्ही जमायचो. प्रत्येकाला आपल्या घराण्यात एखादा सरदार हवा असायचा, आणि मी विचारायची — पुरावा? तळेगावचे अत्तारचाचा मला बघितलं की ओरडायचे, "पुरावाबाई आली रे, आपापले राजे लपवा!" सगळे हसायचे. मीही. माझी तीच ओळख होती: ही पोरगी कुणाची भीड ठेवत नाही, आणि खोटं बोलत नाही.

सायली त्याच व्हरांड्यात भेटली. ती आप्पा ठोंबऱ्यांची मुलगी. मीही ठोंबरेच, पण आप्पा म्हणजे गावातलं मोठं घर, आणि आम्ही लांबची भावकी. गायरानाच्या व्यवहारात आप्पांचा हात होता. बाबांनी पत्रकात त्यांचं नाव सरळ छापलं होतं. तरीही सायली माझ्या शेजारी येऊन बसायची, माझ्या डब्यातलं खायची. आणि आप्पांनी ठोंबऱ्यांचा वंशवृक्ष करायला घेतला तेव्हा मी त्यांच्यासाठी वाड्यावस्त्या हिंडले. पत्रकाचं भांडण या कामात आणायचं नाही, असं बाबा म्हणाले होते.

आमच्या शाखेची माहितीही मीच दिली. माझी पणजी विधवा होती, पाट लावून ठोंबऱ्यांच्या घरात आली — दुसऱ्यांदा संसार मांडला बाईने, त्या काळात! मी ते अभिमानाने सांगितलं. मीच.

भावकीचा मेळावा देवळात होता. मंडपाला तो वंशवृक्ष लावलेला, भलामोठा फ्लेक्स. मी पोचले तेव्हा बाबा चष्मा कपाळावर चढवून, फ्लेक्सला नाक लावून उभे होते. बोटाने एकेक फांदी चाचपत होते. वरून खाली आले, पुन्हा वर गेले. पणजोबांपर्यंत बोट यायचं आणि पुढे जागाच नसायची. मागे माणसं जमायला लागली, पण बाबांना पत्ता नव्हता.

"काय हुडकताय, सुरेशराव?" आप्पा खुर्चीवरूनच म्हणाले. "पाटाची फांदी न्हाई घेतली आपण. तुमची पत्रकं हायेत की! त्याच्यावर छापा नाव. लय मोठ्ठं छापा."

मंडप हसला. आणि बाबाही हसले — हे मला आजही सहन होत नाही. हसले, मान डोलावली, पंगतीत बसले, लापशी दुसऱ्यांदा मागून घेतली. परत येताना स्कूटीवर मागून म्हणाले, "आमटी चांगली झाली होती." त्यांचं ते बोट माझ्या खांद्यावर होतं.

सगळ्यांना वाटलं मी आता गट सोडणार. मी सोडला नाही. उलट एकही रविवार चुकवला नाही. आप्पा यायचे, मी त्यांना चहा द्यायची. का? मला माहीत नव्हतं कशाची वाट बघतेय. पण वाट बघत होते, एवढं नक्की. मनात मी त्यांना रोज कुठल्या ना कुठल्या फ्लेक्सपुढे उभं करायची.

मग सायलीचं ठरलं. नितीन काजळे, वराळ्याचा, तिथल्याच कारखान्यात सुपरवायझर. तिने स्वतः निवडलेला, आणि आप्पांनाही पसंत — हे असं आमच्याकडे किती वेळा जुळतं? सायली त्या दिवसांत उगाच हसायची. मला म्हणाली, लग्नात तू पाठराखीण, आणि भाषणबिषण द्यायचं नाही.

अडलं ते आप्पांच्याच हौसेमुळे. व्याह्यांचंही मूळ शोधू म्हणाले, तर निघालं असं की काजळेही पवन मावळातल्या आमच्याच जुन्या गावातून उठून गेलेले, आणि कुलदैवतही तेच. गाव सोडलं की आडनाव बदलायचं, हे इथे नेहमीचं. मग काजळे मूळचे ठोंबरेच तर नव्हेत? भावकीत सोयरीक होत नाही. आता निर्णय एकाच गोष्टीवर होता — देवक. ठोंबऱ्यांचं उंबर. आमच्या घरात उंबराचं लाकूड जाळत नाहीत. काजळ्यांचंही उंबर निघालं तर दोन्ही घरं एकच, लग्न नाही. दुसरं काही निघालं तर बार उडवा.

आणि काजळ्यांना आपलं देवकच माहीत नव्हतं! हल्ली बाजारातून तयार पंचपल्लव आणतात, पूजा उरकतात. जुनं देवक ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं होतं — नितीनच्या आजोबांची बहीण, हौसाआत्या. ती बेगडेवाडी स्टेशनच्या पलीकडे सासरच्या घरी अंथरुणाला खिळलेली. जमिनीच्या वाटणीवरून माहेराशी तिचं बोलणं बंद. काजळ्यांपैकी कुणी दारात गेलं असतं तर तिने चिंचोके फेकून मारले असते. म्हणून तिऱ्हाईत माणूस हवं होतं.

"हिला पाठवा," सायली म्हणाली. माझा दंड धरून. "ही जे ऐकेल तेच सांगेल."

मी गेले. एकटीच. म्हातारी खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

"कळंब गं बाई," मी सायलीच्या लग्नाचं सांगून विचारल्याबरोबर ती म्हणाली. "माज्या लग्नात कळंबाची डहाळी माज्या बापानं सोता आणलीती. वाजत-गाजत. उंबर-बिंबर कुटलं? उंबर त्या ठोंबऱ्यांचं. तू कुणाची?"

"ठोंबऱ्यांचीच. पाटाच्या शाखेतली."

"मंग? पाटाची म्हंजी काय आभाळातनं पडली व्हय?" ती खो खो हसली आणि माझ्या ओंजळीत शेंगा ओतल्या. निघताना पुन्हा हाक मारली. "त्या पोरीला म्हणावं, बिनघोर लगीन कर."

स्टेशनवर लोकलची वाट बघत मी त्या शेंगा खाल्ल्या. मनात काही ठरवलेलं नव्हतं — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. फलाटावरच ठरलं होतं. एकेक शेंग फोडताना मला मंडप दिसत होता, बाबांचं बोट दिसत होतं, आणि आप्पांची ती खुर्ची. लोकल आली तेव्हा मी शांत होते. इतकी शांत मी आधी कधीच नव्हते.

रविवारी व्हरांड्यात सगळे थांबले होते. आप्पा पुढे सरकून बसलेले.

मी म्हणाले, "उंबर."

एवढंच. सबंध खोटं एवढंच होतं.

"नीट आयकलंस ना, पोरी?" आप्पांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "म्हातारी हाय ती. इसरली असंल."

"आप्पा, देवक माणूस मरेपर्यंत विसरत नाही, असं तुम्हीच सांगता ना? मी ऐकलं ते सांगितलं. झाडावर कोण येतं आणि कोण नाही, ते तुम्ही ठरवा."

त्यांना टोमणा कळला. खोटं कळलं नाही. त्यांनी मोबाइल काढला, त्यावर त्या वंशवृक्षाचा फोटो उघडला, आणि बोटाने फांद्या सरकवत बसले — काजळे नेमके कुठून फुटले असतील? वर न्यायचे, खाली आणायचे. मला तेच बघायचं होतं! अगदी तेच. मी डोळे भरून बघितलं. आनंद झाला का? झाला. तुमच्याशी कशाला लपवू? पोटातून झाला.

सायली माझ्या शेजारीच बसली होती. तिच्याकडे मी बघितलं नाही. त्या घडीला ती मला दिसतच नव्हती, दिसत होते फक्त तिचे वडील. म्हणजे आप्पांनी आमची फांदी छाटताना जे केलं, तेच ना हे? माणूस दिसू द्यायचा नाही, फक्त घराणं बघायचं.

नितीनच्या वडिलांनी मान्य केलं — भांडण असलं तरी आत्या असल्या गोष्टीत खोटं बोलणार नाही म्हणाले. सायली नोंदणी विवाहाला तयार होती. मीच लिहिलेलं ते जुनं पत्रक तिने नितीनला वाचायला दिलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याने ते परत केलं. बेगडेवाडीच्या फलाटावर उभं राहून म्हणाला, "लोक म्हणतात तू बहीण लागतेस. मला आता तुझ्याकडे बघवत नाही." बाकी काही नाही.

हौसाआत्या पुढच्या अमावस्येला गेली. ती होती तोवर मला खरं सांगायची रोज संधी होती. मी रोज जेवले, झोपले, कामाला गेले. कुणी उठून तिला पुन्हा विचारेल ही भीती मात्र होती. ती गेल्याचं कळलं तेव्हा — लिहून टाकते — मला हायसं वाटलं.

आणि बाबा? बाबा आप्पांच्या घरी गेले. ज्या माणसाने भर मंडपात त्यांचं हसं केलं, त्याच्या ओसरीवर जाऊन बसले. घरी येऊन म्हणाले, "त्या माणसाचं काय ते असो, पोरीचं काय चुकलं?" आणि लिहायला बसले. देवकाच्या नावाने मोडलेल्या लग्नावर पत्रक. नावं नव्हती, पण सगळ्यांना कळणार होतं. प्रुफं माझ्याकडे आली. त्यात एक वाक्य होतं: या मुलीची वाट अडवणारा हात कुणाचा? बाबांनी घाईत प्रश्नचिन्ह दिलं नव्हतं. मी दिलं. मग ती पत्रकं घेऊन बाजारात गेले आणि वाटली. एक बाई वाचून म्हणाली, "खरंय बाई, असली माणसं." मी पुढचं पत्रक उचललं.

पुढच्या मेळाव्यात फ्लेक्स तोच होता. बाबांचं नाव त्यावर नव्हतं, अजूनही नाही. म्हणजे आप्पांचं काहीच बदललं नाही. ते दिसले की माझ्या मुठी आजही वळतात. तो राग मला खोटा वाटत नाही, आणि तो मी कुणासाठी टाकूनही देणार नाही. पण सूड मी त्यांच्यावर घेतला असं म्हणायची मला सोय नाही. ते वर्षभरात सावरले. देवकाने पोर वाचवली, असं लोकांना सांगतात.

सायलीने गट सोडला. लग्न केलं नाही. तळेगावच्या एका लॅबमध्ये नोकरी करते. पहिल्या डब्यासोबत तिने चार ओळी पाठवल्या होत्या. बाकी सगळे गोड बोलून फसवत होते, तू एकटी खरं बोललीस, म्हणून लिहिलं होतं.

गेल्या वर्षी कामासाठी वराळ्याला गेले होते. नवीन इमारतींच्या मधे काजळ्यांचं घर अजून आहे. दारापुढे उंबराचं रोप, भोवती बांधलेला पार, हळदकुंकू. नितीनची छोटी मुलगी तिथे खेळत होती. मी पानाला हात लावला तर ओरडली, "ओ मावशी, ते आमचं देवक आहे! तोडायचं नाही." मी हात काढून घेतला. परवा व्हरांड्यात कुणीतरी काजळ्यांबद्दल शंका काढली तर अत्तारचाचा म्हणाले, "पुरावाबाईने स्वतः ऐकलंय. मग प्रश्नच मिटला." मी तिथेच होते. चहा ओतत होते.

ही पानं आधी सायलीकडे जातील. मग बाबांकडे, मग वराळ्याला. शेवटी व्हरांड्यात.

सायली, काजळ्यांचं देवक कळंब आहे. हौसाआत्याने तुझ्यासाठी निरोप दिला होता — बिनघोर लगीन कर म्हणावं. तो मी तुला दिला नाही.