खोलीत कोण कोण हाय?

"आधी त्यांच्या खोलीत कोण कोण हाय ते सांगा, मग मी बोलतो."

वेब कॉन्फरन्स सुरू झाली की मामांचं पहिलं वाक्य हे. तेही कॅमेऱ्यावर तळहात ठेवून. हात ठेवला की आपलं बोलणं पलीकडे जात नाही, अशी त्यांची समजूत. माइक चालूच असायचा. आमचा माल घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीतली माणसं ते ऐकून हसायची.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मामा, म्हणजे अख्ख्या कारखान्याचेच मामा, तयार कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले लोखंडी भाग, तपासायचे आणि मी ऑफिसात संगणकाचं काम बघायचे. ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. दर महिन्याला माल बघायला येणारे पुण्याचे अधिकारी येईनासे झाले आणि त्यांच्याऐवजी माझ्या टेबलावर वेबकॅम आला.

तो बसवायला आलेल्या विक्रेत्याने आम्हा सगळ्यांना जमवून सांगितलं, "पुढे कुणाला कुठे जावंच लागणार नाही. गिऱ्हाईक आपल्या खुर्चीत बसून माल पास करेल."

"आणि बोट कोण लावणार?" मामांनी विचारलं.

"बोट? कशाला?"

"आवो, कास्टिंगला. डोळ्याला दिसत न्हाय ते हाताला लागतंय की."

विक्रेता हसला. मामा हसले नाहीत.

एकदा मीटिंगमध्ये आमचे मालक रंगात आले होते. पुण्याच्या खरेदी अधिकाऱ्याला ते मोकळेपणाने सांगत होते, की तुमच्या डिझाइनच्या साहेबांना ओतकामातलं काही कळत नाही. मामा मध्येच म्हणाले, "पावणं, जरा तुमचा कॅमेरा फिरवा की. खोली बघू द्या." अधिकारी घुटमळला, पण त्याने फिरवला. कोपऱ्यातल्या खुर्चीत डिझाइनचे साहेब चहाचा कप घेऊन बसले होते. मालकांनी पाण्याचा अख्खा ग्लास संपवला. तेव्हापासून मीही पडद्यावरच्या माणसाकडे बघताना कडेला काय असेल याचा अंदाज घेते. तुम्हीही घेऊन बघा.

मामांचा संशय माझ्यावरही होता.

"पोरी, ह्या कॅमेऱ्याचं तोंड कुठं करायचं ते कोण ठरवतंय?"

"मीच."

"मग तुझ्यावर लक्ष ठेवाय पायजे."

मला ती थट्टा वाटली.

मग पंपाच्या बॉड्यांचा तो लॉट आला. बऱ्याच बॉड्यांना एका अंगाला, खालच्या बाजूला केसासारखी चीर होती. मामांनी त्या खडूने फुल्या मारून बाजूला काढल्या होत्या. आमच्या मॅनेजरने फुल्या पुसायला लावल्या, त्यातली एक बॉडी माझ्या टेबलावर आणवली आणि मला म्हणाला, "कॅमेरा जरा डावीकडे घे. चांगली बाजू दिसू दे." मी घेतला. मला कुणी धमकावलं नव्हतं. सांगितलं आणि मी केलं.

पुण्याच्या अधिकाऱ्याला तपासणाऱ्याच्याच तोंडून ऐकायचं होतं, म्हणून मामांना आत बोलावलं.

"मामा, माल ठीक आहे ना?" पडद्यावरून प्रश्न आला.

मामांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड कुठे आहे ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. उठले, ती जड बॉडी दोन्ही हातांनी उचलून उलटी केली आणि कॅमेऱ्यापुढे सरकवली.

"पावणं, हितं बघा."

"आवाज बंद कर!" मॅनेजर माझ्या कानाशी कुजबुजला. मी बटण दाबलं.

मामांना ते कळलं नाही. ते बोलतच राहिले. त्या आठवड्यात साच्यांची वाळू कशी ओली होती, आपण कितीदा सांगितलं, आणि हा पंप चालू असताना फुटला तर शेजारी उभा असलेल्या माणसाचं काय होईल. यातला एक शब्दही पुण्याला गेला नाही. पण त्यांचं काळ्या नखाचं बोट चिरेवरून हळूहळू सरकत होतं. चित्र अडकत अडकत जायचं, त्यामुळे पडद्यावर ते बोट आधी इथे, मग थोडं पुढे, मग आणखी पुढे दिसत होतं. पुण्याच्या अधिकाऱ्याने चष्मा काढला आणि पडद्याच्या अगदी जवळ आला.

सगळा लॉट परत भट्टीत गेला. मॅनेजर राहिला. मामांना तपासणीवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. चार दिवस ते बसले, पाचव्या दिवशी आले नाहीत.

पुढच्या मीटिंगला अधिकाऱ्याने विचारलं, "मामा कुठे आहेत?"

"सुट्टीवर," मॅनेजर म्हणाला. पुढे कितीतरी महिने मामा सुट्टीवरच होते. माझ्यासमोरचा माइक चालू असायचा. मी काही बोलले नाही.

शेवटी एका रविवारी मी पेठ वडगावला त्यांच्या घरी गेले. मामींनी चहा दिला. मामांनी फाउंड्रीचं काहीच विचारलं नाही. मी निघाले तेव्हा चपला घालता घालता म्हणाले, "पोरी, एक सांग. त्या दिवशी मी बोललो ते तिकडं समदं गेलतं न्हवं?"

"गेलं मामा. सगळं ऐकलं त्यांनी."

मी पुढच्या प्रश्नांची वाट बघत उभी राहिले. कुणी ऐकलं, खोलीत किती जण होते, तुला कसं ठावं. मामांनी त्यातलं काही विचारलं नाही.

"मग बरं झालं," एवढंच म्हणाले आणि मला सोडायला भर उन्हात स्टँडपर्यंत आले. एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली का, ते बाहेरून वाकून बघितलं.

मामा गेल्याचं मला पुढच्या वर्षी फोनवर कळलं. त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं.