पेटीला न जुळलेलं व्हायोलिन

माझं पहिलं व्हायोलिन घ्यायला आम्ही भिंगारला निघालो तेव्हा टांग्यात आमच्याबरोबर एक पेटी होती. चर्चमधले पेटी वाजवणारे मास्तर ती मांडीवर घेऊन बसले होते. मी मॅट्रिक झाले म्हणून पपा व्हायोलिन घेऊन देणार होते, आणि सुरातलं कळणारे आमच्या ओळखीत मास्तरच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पुण्याच्या इंग्रजी शाळेत मी वर्षभर शाळेच्या व्हायोलिनवर शिकले होते. त्याबद्दल टांग्यात कोणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

मोठी लढाई संपली होती. भिंगारच्या छावणीतले गोरे सोल्जर विलायतेला परत जाताना सामान विकून जात. पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्यांच्याकडून वाद्यं घेत आणि दुरुस्त करून विकत. त्यांच्या ओसरीवर दोन व्हायोलिनं मांडलेली होती. एक काळपट, हनुवटीच्या जागी झिजलेलं. दुसरं नवंकोरं, लालभडक, तोंड दिसेल इतकं चकचकीत.

मास्तरांनी पेटी उघडली, एक पट्टी दाबून धरली आणि काळपट व्हायोलिनची तार छेडली. तारेचा सूर खाली, पेटीचा वर.

“बेसूर,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, तारा मीच सैल सोडल्यात,” बँडवाले म्हणाले. “उन्हाळ्यात ताणून ठिवलं तर मान वाकती. खुंटी पिळली की आला सूर.”

“अहो, ही पेटी बारा वर्षं माझ्याकडे आहे. कधी पिळलाय का मी तिचा कान?”

पपा हसले.

“पेटीचं येगळं. फिडल रोज लावावं लागतं.”

“रोज किल्ली द्यायला ते काय घड्याळ आहे?”

पपा आणखी मोठ्यानं हसले. लाल व्हायोलिन पेटीला बरोबर जुळलं. का जुळणार नाही? एक गिऱ्हाईक नुकतंच बघून गेलं होतं, त्याच्यासाठी ते घटकेपूर्वीच लावलेलं होतं. बँडवाल्यांनी तेही सांगितलं. वर, काळपट स्वस्त पडेल, असंही म्हणाले. मास्तर पपांच्या कानाशी लागले, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं: “जुनं गळ्यात मारतोय.”

मला सगळं दिसत होतं. लालच्या खुंट्या साध्या पांढऱ्या लाकडाच्या होत्या, वरून काळा रंग दिलेला, तो कडेला उडालाही होता. शाळेतल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वाद्याचा रंग बघू नका, खुंट्या फिरवून बघा; मऊ लाकडाच्या खुंट्या तार धरत नाहीत. हात पुढे करून एक खुंटी फिरवली असती तर काम झालं असतं.

बँडवाले माझ्याकडे वळले. “ताई, तुमी शिकताय न्हवं? तुमीच सांगा.”

मी चपलांकडे बघत राहिले.

“तिला काय विचारता?” मास्तर म्हणाले. “ती आत्ता कुठं शिकणार!”

लाल व्हायोलिन घेऊन आम्ही परतलो. घरी पोचेपर्यंत चारही तारा उतरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पेटीसह हजर. पट्टी दाबली, तार छेडली, मान हलवली. “काल तर ठीक होतं. मुलीनं हात लावला वाटतं.”

हात लावला! मग काय कपाटात ठेवून पूजा करायची होती? पण हेही मी मनातच म्हणाले. खुंटी फिरवली की सूर यायचा, आणि थोडं वाजवलं की खुंटी सरकून तार पुन्हा ढिली. तीन दिवस मी तेच करत होते. चौथ्या दिवशी पपांना सगळं सांगितलं.

“मग तिथंच का नाही बोललीस?”

या प्रश्नाचा मला आलेला राग अजून उतरलेला नाही. मोठ्या माणसांत तोंड घालणारी मुलगी आगाऊ, हे मला लहानपणापासून पपांनीच शिकवलं होतं. आणि आता तेच विचारत होते.

पपा मला पुन्हा भिंगारला घेऊन गेले. काळपट व्हायोलिन शेवगावच्या एका लग्नाच्या बँडवाल्यानं नेलं होतं. आमच्या बँडवाल्यांनी लालच्या खुंट्या काढल्या, त्यांना खडू घासला आणि दाबून बसवल्या. म्हणाले, दर दोन दिवसांनी असंच करायचं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताई, तुमाला ठावं हुतं.”

“हो,” मी म्हणाले. पपांच्या देखत. “तुमचं बरोबर होतं, मास्तरांचं चुकलं. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.”

“व्हय,” ते म्हणाले. एवढंच.

परतताना छावणी मागे पडल्यावर पपा म्हणाले, “हे मास्तरांना कळू देऊ नकोस. मनाला लावून घेतील.”

मास्तरांच्या मनाला! भिंगारच्या त्या माणसाला त्याच्याच ओसरीवर लबाड ठरवलं, तेव्हा त्याच्या मनाचं काय झालं, हे पपांना टांग्यातसुद्धा सुचलं नाही.

रविवारी उपासना सुटल्यावर मास्तर पेटीचा भाता बंद करत होते. पपा शेजारी उभे होते. मी समोर जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं तर भिंगारचं ते सगळं इंग्रजीतच बाहेर पडलं, धाप लागल्यासारखं. संतापले की माझं असंच व्हायचं.

मास्तर कौतुकानं पपांकडे वळले. “पोरगी इंग्रजी काय फाडफाड बोलते हो!”

पपांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून.

मग मी तेच सगळं मराठीत सांगितलं.