तंबाखूच्या पानाची बिअर

कंग्राळीच्या एका मळ्यात घरी केलेल्या बिअरची स्पर्धा होती. बिअरमध्ये काहीतरी वेगळं घालायचं आणि काय घातलं ते चिठ्ठीवर लिहायचं. परीक्षक साठीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. नाव विचारायचं राहूनच गेलं. ते ग्लास तळव्यानं झाकायचे, हलवायचे आणि नाकाशी नेऊन डोळे मिटायचे. मग कोकम असो की नाचणी, एकच घोट घेऊन पाण्यानं चूळ भरायचे.

"वेगळं घातलं म्हणून मार्क न्हाईत," एकाला म्हणाले. "ते चवीत लागलं पाहिजे."

माझ्या बिअरमध्ये ते लागणारच होतं. आम्ही निपाणीचे, मी घरच्या तंबाखूचं पान उकळून घातलं होतं.

माझा ग्लास नाकाशी गेला आणि तसाच खाली आला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून चिठ्ठी वाचली आणि ग्लासवर पुन्हा तळवा ठेवला.

"वास झकास उतरलाय. पण मी पिणार न्हाय. पान उकळलं की त्यातलं विष बी उतरतं. तुम्ही प्यालाय?"

"दोन घोट. गरगरलं जरा. वाटलं, चढली असंल."

"आणि कुणाला दिलीय?"

सकाळी येताना एक बाटली मी थोरल्या भावाला, अण्णाला, देऊन आलो होतो. फोन लावला. रिंग वाजत राहिली. मागं लोक खोळंबले होते, पण परीक्षक जागचे हलले नाहीत.

"अजून एकदा लावा."

तिसऱ्यांदा अण्णानं उचलला. "बोल रं. आत्ता फोडतच होतो." "पिऊ नगंस, सगळी ओतून टाक," मी म्हणालो.

तेव्हा कुठं त्यांनी तळवा काढला, ग्लास मातीत ओतला आणि माझ्या चिठ्ठीवर वासाचे पूर्ण मार्क लिहिले.